बीवायडी सीगल, डॉल्फिन मिनी, डॉल्फिन सर्फ, अ‍ॅटो १: एकच गाडी का? आणि इकडं आणता येईल का?

निपाणी_२३

नमस्कार मंडळी. बीवायडीची ती छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक चार नावांनी दिसते: सीगल, डॉल्फिन मिनी, डॉल्फिन सर्फ, अ‍ॅटो १. गाडी एकच आहे की चार वेगळ्या? दुबईतल्या चुलतभावाचं म्हणणं आहे की तिकडं चिनी अक्षरांची स्क्रीन असलेली सीगल स्वस्तात मिळते, ती घेऊन इकडं केए-२३ वर पासिंग करू. होईल का असं?

वापर असा: आठवड्यातले पाच दिवस निपाणी–बेळगाव जाऊन-येऊन, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या वर, वाटेत तवंदी घाट. महिन्याकाठी एकदा गोवा. घर जुनं आहे. मीटर पुढच्या सोप्यात आणि गाडी लावायची जागा मागच्या परड्यात, त्यामुळं वायर ३० मीटर तरी ओढावी लागेल. सीगल जमत नसेल तर त्याच आकाराची कुठली घ्यावी, हेही सांगा.

उद्यमबाग_ईव्ही

दादा, सांगाडा एकच. ई-प्लॅटफॉर्म ३.०, मोटर पुढच्या चाकांना, मागं टॉर्शन बीम, व्हीलबेस सगळीकडं २५०० मिमी, बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाची) ब्लेड. पण त्यावर चढवलेला माल देशागणिक बदलतो, आणि नावावरून तो ओळखता येत नाही. गोंधळ इथंच होतो.

मूळ गाडी सीगल. एप्रिल २०२३ मध्ये शांघायच्या मोटार प्रदर्शनात आली. लांबी ३७८० मिमी, रुंदी १७१५, उंची १५४०. चार सीट. मोटर ५५ किलोवॅट, टॉर्क १३५ न्यूटन मीटर. बॅटरी दोन: ३०.०८ युनिट आणि ३८.८८ युनिट (किलोवॅट अवर म्हणजे बिलातलं युनिटच, पुढं तेच लिहितो). चिनी सीएलटीसी चाचणीत रेंज ३०५ आणि ४०५ किलोमीटर. डीसी चार्जिंग, म्हणजे बाहेरच्या चार्जरवरचं जलद चार्जिंग, लहान बॅटरीला ३० किलोवॅट, मोठीला ४०.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हीच गाडी मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये डॉल्फिन मिनी म्हणून गेली. ब्राझीलमध्ये पुढं पाच सीटची पण काढली.

डॉल्फिन सर्फ युरोपची, मे २०२५ पासून. हिची लांबी ३९९० मिमी. व्हीलबेस तोच असताना २१० मिमी वाढले, ते पुढच्या-मागच्या बंपरांत आणि डिकीत. डिकी ३०८ लिटरची आहे. इथं मोटरही बदलली: ६५ किलोवॅट किंवा ११५ किलोवॅट. बॅटरी ३० किंवा ४३.२ युनिट. डीसी चार्जिंग ६५ आणि ८५ किलोवॅट, म्हणजे चिनी सीगलच्या दुप्पट. २०२५ मध्ये युरो एनकॅपचे (युरोपातली अपघात-सुरक्षेची चाचणी) पाच तारे मिळाले ते या बांधणीला. सीगल दाखवून कुणी ते तारे सांगत असेल तर त्याला तिथंच थांबवा.

आता खरी मेख अ‍ॅटो १ ची. इंडोनेशियात जुलै २०२५ मध्ये अ‍ॅटो १ आली ती सीगलच्याच ३०.०८ आणि ३८.८८ युनिटच्या बॅटऱ्या घेऊन. ऑस्ट्रेलियातही नाव अ‍ॅटो १ च, पण ती युरोपच्या सर्फसारखी, ३० आणि ४३.२ युनिटची. दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या, मागं पाटी तीच, आतला माल वेगळा. म्हणून नाव विचारू नका. बॅटरीचे युनिट, मोटरचे किलोवॅट, चार्जिंगचं तोंड आणि स्टिअरिंगची बाजू, या चार गोष्टी विचारा. त्यावरून गाडी कुठल्या बाजाराची ते लगेच कळतं.

रेंजचे आकडे शेजारी-शेजारी ठेवू नका, कारण प्रत्येक देशाची चाचणीची पद्धत वेगळी. साधारण त्याच ३० युनिटच्या बॅटरीला चीनमध्ये सीएलटीसीनं ३०५, इंडोनेशियात एनईडीसीनं ३०० आणि युरोपात डब्ल्यूएलटीपीनं २२० किलोमीटर मिळतात. सीएलटीसी ही संथ शहरी चाल आहे, सरासरी वेग तीसच्या आतबाहेर. महामार्गावर ८०-९० नं जाणाऱ्यानं फक्त डब्ल्यूएलटीपीचा आकडा धरावा, आणि त्यातूनही थोडा कमीच.

अथणीकर

चीनमध्ये ५५,८०० युआनला मिळते असं वाचलं. युआन १२ रुपये धरला तरी पावणेसात लाख होतात. मग जर्मनीत २२,९९० युरो कसे काय?

उद्यमबाग_ईव्ही

५५,८०० हा मे २०२५ मधल्या दरयुद्धातला सवलतीचा भाव. बाजारात आली तेव्हा किंमत ७३,८०० पासून ८९,८०० युआनपर्यंत होती. जर्मनीच्या भावात १९% व्हॅट धरलेला असतो. त्याशिवाय चीनमधून येणाऱ्या गाडीवर युरोपची १०% नेहमीची जकात आणि २०२४ च्या अखेरीपासून बीवायडीवर आणखी १७%. वर मोटर जास्त ताकदीची आणि चार्जिंग दुप्पट वेगाचं. म्हणूनच कंपनी हंगेरीत सेगेदला कारखाना उभारतेय आणि ब्राझीलमध्ये कमासारीला, फोर्डच्या जुन्या जागेत, जुळणी सुरू केली. चीनचा भाव हा चीनपुरताच. कुठल्याही दुसऱ्या देशात तो लागू धरू नये.

कस्टम्स_फाइल

निपाणीकर, दुबईचा बेत इथंच सोडून द्या. कारणं क्रमानं सांगतो, म्हणजे भावालाही समजावता येईल.

दुबईची गाडी डाव्या स्टिअरिंगची. आपल्या आयात नियमात उजवं स्टिअरिंग, किलोमीटरमधला स्पीडोमीटर आणि डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारे हेडलॅम्प या तिन्ही अटी आहेत. पहिलीच अट मोडते. स्टिअरिंग इकडचं तिकडं करून घेऊ असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. डॅशबोर्ड, स्टिअरिंग रॅक, ब्रेक बूस्टर, एअरबॅगचं वायरिंग सगळं हलतं, आणि कागदोपत्री गाडी मूळ बांधणीची राहत नाही.

दुसरं, नवीन गाडी आणायची तर ती जिथं बनली त्या देशातूनच आली पाहिजे. चीनमध्ये बनलेली गाडी दुबईहून ‘नवीन’ म्हणून येत नाही.

‘जुनी’ म्हणून आणायची तर गाडी बनल्यापासून ३ वर्षांच्या आतली हवी, आयातीनंतर ५ वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे असं प्रमाणपत्र हवं, त्या काळात सर्व्हिसची सोय होईल याची हमी हवी, आणि उतरवायची फक्त मुंबई बंदरात. शिवाय इथं आल्यावर चाचणी. वापरलेल्या गाडीवर शुल्क सव्वाशे टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे ब्रिटनमधली उजव्या स्टिअरिंगची, नव्यात १८,६५० पौंडांपासून सुरू होणारी सर्फ जुनी करून आणली तरी मूळ किमतीपेक्षा शुल्कच मोठं.

नव्या गाडीचा हिशेब वहीवर मांडा. जहाजभाडं-विमा धरून १० लाखांची गाडी. नुसतं ७०% मूळ सीमाशुल्क लावलं तरी १७ लाख. त्यावर ईव्हीचा ५% जीएसटी, म्हणजे १७.८५ लाख. उपकर, बंदराचं भाडं, क्लिअरिंग एजंट, मान्यतेच्या चाचण्या अजून धरल्याच नाहीत. बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी एआयएस-०३८ ची दुसरी सुधारणा लागू आहे आणि ती चाचणी एका गाडीसाठी कुणाला परवडत नाही. हे कंपनीनं करायचं काम.

आखातातल्या नंबरप्लेटच्या गाड्या इकडं दिसतात त्या कार्नेवर आलेल्या असतात. ती तात्पुरती परवानगी असते, सहा महिन्यांची, आणि गाडी परत न्यावी लागते. त्यावर केए-२३ चा नंबर मिळत नाही.

बीवायडी भारतात आहे, पण अ‍ॅटो ३, सील, ईमॅक्स ७, सीलायन ७ अशा मोठ्या गाड्या घेऊन.

पिन_आणि_वायर

नियम बाजूला ठेवले तरी चिनी सीगल इथं चार्ज कशी करणार, हा प्रश्न राहतोच. यावर लोक सर्वांत कमी बोलतात म्हणून सविस्तर लिहितो.

चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या गाडीला जीबी/टी तोंड असतं, एसीचं वेगळं आणि डीसीचं वेगळं. आपल्याकडं आणि युरोपात सीसीएस२, म्हणजे वरती टाइप २ एसी आणि त्याच्याच खाली डीसीच्या दोन जाड पिना.

एसीचं जीबी/टी तोंड टाइप २ सारखंच दिसतं, सात पिनांचं, पण नर-मादी उलट. त्यामुळं आपली केबल त्यात जातच नाही. एसीसाठी अ‍ॅडॉप्टर चालतो, कारण दोन्हीकडं चार्जर आणि गाडी एकमेकांशी बोलतात ते कंट्रोल पायलट तारेवरच्या साध्या सिग्नलनं. घरी रात्रभर चार्ज करणं जमेल.

डीसीला मात्र साधा अ‍ॅडॉप्टर कामाचा नाही. जीबी/टीचं बोलणं कॅन बस नावाच्या वेगळ्या डेटा तारांवर होतं, सीसीएस२ चं पॉवरलाइन कम्युनिकेशनवर (पीएलसी). भाषाच वेगळी. मध्ये भाषांतर करणारा इलेक्ट्रॉनिक डबा लागतो, त्याला स्वतःची पॉवर आणि फर्मवेअर लागतं. चार्जरचं फर्मवेअर बदललं की तो अडतो, आणि अडतो तो नेमका हायवेवर. तोंड कापून सीसीएस२ बसवतो म्हणणारे असतात. त्यांना एकच विचारा, पीएलसी कंट्रोलर कुठला टाकणार आणि तो गाडीच्या बीएमएसशी (बॅटरी सांभाळणाऱ्या यंत्रणेशी) कसा बोलणार. पिना बसवल्यानं काही होत नाही.

आणखी एक फसगत. भारतात जुने भारत डीसी-००१ चार्जर आहेत, त्यांचं तोंड जीबी/टीच. पिन आत जाईल, पण चार्ज काही होणार नाही. ते १५ किलोवॅटचे, शंभर व्होल्टच्या आतल्या गाड्यांसाठी बनवलेले. सीगलची बॅटरी तीनशे व्होल्टच्या आसपास.

सॉफ्टवेअरचंही तेच. चिनी बाजाराच्या गाडीचं अ‍ॅप चिनी मोबाईल नंबरावर उघडतं, नकाशा चीनचा, अपडेट तिकडच्या सर्व्हरवरून. फेब्रुवारी २०२५ पासून सीगलला ‘गॉड्स आय’ नावाची चालक-सहाय्य यंत्रणा दिली. ती तिकडच्या रस्त्यांसाठी आणि तिकडच्या नियमांसाठी आहे. इकडं तिचा भरवसा धरून तवंदीचा घाट चढू नये.

टायर बघा. वरच्या मॉडेलला १७५/५५ आर१६ येतात. हे माप इकडच्या दुकानांत सहज मिळत नाही. फुटला तर जोडीनं मागवावे लागतील. वायपर पुढं एकच, लांब पात्याचा. आंबोली-कणकुंबीच्या पावसात एकाच वायपरवर अवलंबून राहायचं तर पातं दर पावसाळ्याआधी बदलायलाच हवं.

निपाणी_२३

दुबई कॅन्सल. आभार सगळ्यांचे. आता सांगा, माझ्या रोजच्या फेरीला किती युनिटची बॅटरी हवी? टियागो ईव्ही किंवा कॉमेट चालेल का? आणि घाटाचा हिशेब कसा धरायचा?

चोर्ला_ते_पणजी

आधी रोजची फेरी. छोटी ईव्ही महामार्गावर ८०-९० नं, एसी लावून, १०० किलोमीटरला १२ ते १३ युनिट खाते. तुमचे १५५ किलोमीटर धरले तर १९-२० युनिट. पावसात समोरून वारा असेल तर आणखी.

कॉमेट १७.३ युनिटची, म्हणजे एका चार्जमध्ये फेरी पुरीच होत नाही, आणि तिला डीसी चार्जिंगच नाही. गावातल्या गावात फिरायला उत्तम गाडी आहे ती, पण हायवेची नव्हे. तसं बघायला गेलं तर चिनी छोट्या गाडीची निर्यात बांधणी आपल्या बाजारात खरोखर उतरली ती हीच. वुलिंगची एअर ईव्ही, इंडोनेशियात २०२२ मध्ये आली, आणि २०२३ मध्ये हालोलला बनून एमजी कॉमेट झाली. स्टिअरिंग, चार्जिंगचं तोंड, मान्यता सगळं इथलं करून आली, म्हणून केए-२२ वर तिचं बिनबोभाट पासिंग होतं.

टियागो ईव्ही २४ युनिटची घेतली तर फेरी होईल, पण घरी पोचताना १५ टक्क्यांच्या आसपास उरेल. तीन वर्षांनी बॅटरी थोडी उतरली की तेवढंही उरणार नाही. बेळगावात कामाच्या ठिकाणी १६ अँपिअरचा सॉकेट मिळत असेल तरच टियागो. नाहीतर टाटाची पंच ईव्ही ३५ युनिटची किंवा त्याच्या वरची बघा. सित्रोएनची ई-सी३ २९.२ युनिटची, एलएफपी आणि आकारानं सीगलच्याच जवळची, पण २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं तिला शून्य तारे दिले. रोज राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या मधून जाणाऱ्याला ती घ्या म्हणून मी सांगणार नाही.

घाटाचा हिशेब सोपा आहे. वजन गुणिले उंची. गाडी आणि माणसं मिळून १४५० किलो, बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटाची चढण गोव्यातल्या साखळी गावाकडून वर साधारण ८०० मीटर. १४५० × ९.८१ × ८०० म्हणजे सव्वातीन युनिटला थोडं कमी. मोटर-इन्व्हर्टरची गळती धरून पावणेचार. अंतराला लागतं ते वेगळं. म्हणजे गोव्याहून परत येताना नेहमीच्या हिशेबात पावणेचार युनिट जास्तीचे धरायचे, ३५ च्या बॅटरीत ११ टक्के. सगळा घाट चढून एवढंच. लोक उगाच घाटाला भितात. रेंज खरी खातो तो वेग. ८० वरून १०० वर गेलात की घाटापेक्षा जास्त जातं.

उतरताना रीजनमधून, म्हणजे मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते त्यातून, दीड-दोन युनिट परत येतात. फक्त बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रीजन मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बेळगावहून चोर्ल्यापर्यंत जाताना पुरेशी उतरते, तिथं अडचण नाही. पण निपाणीकरांना गोव्याला आजरा–आंबोली–सावंतवाडी जवळ पडतं. त्या वाटेनं जाणार आणि आंबोलीत मुक्काम करून चार्ज करणार असाल तर ८५ टक्क्यांवर थांबवा, मगच उतरा.

पावसाळ्यात यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं की त्यात ईव्ही घालू नका. बॅटरीला आयपी६७ असतं ते एक मीटर पाण्यात अर्धा तास, नव्या सीलसह आणि साफ पाण्यात केलेल्या चाचणीचं. वाहत्या गढूळ पाण्यात, तळाला दगड लागलेल्या पाच वर्षांच्या गाडीला ते लागू होत नाही.

हलशीचा_वायरमन

वायरिंगचं मी सांगतो, कारण जुन्या घरात खरा धोका तिथं आहे.

रोज २० युनिट म्हणजे १६ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरवर सात-आठ तास. फ्रिज-गीझर तासभर जोर घेतात आणि थांबतात. हा रात्रभर सलग १४-१५ अँपिअर ओढतो, त्यामुळं गीझरला चाललेली लाइन गाडीलाही चालेल असं धरू नका.

मीटरपासून परड्यापर्यंत स्वतंत्र लाइन ओढा, मध्ये एकही जोड नको. ३० मीटरला २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत १६ अँपिअरवर ७ व्होल्ट पडतात, ४ मध्ये साडेचार. ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स पुढंमागं बसवायचा असेल तर आत्ताच ६ चौरस मिमी टाका, ३२ अँपिअरवर ६ व्होल्टच्या आत राहते. वायरीचे पैसे दोनदा घालू नका. अ‍ॅल्युमिनियम वापरू नका, तांब्याच्या टर्मिनलला जोडलं की काही महिन्यांत स्क्रू सैल होतो.

सॉकेट इंडस्ट्रियल घ्या, निळा तीन पिनांचा. घरगुती १६ अँपिअरचा घेतलात तर चांगल्या कंपनीचा, आणि वर्षानं बदला. जळतो तो नेहमी फेजच्या पिनेजवळ. कारण साधं आहे: पत्ती सैल झाली, तिथं एक दशांश ओहम आला, १४ अँपिअर वाहतायत, म्हणजे २० वॅट उष्णता बोटाच्या टोकाएवढ्या जागेत रात्रभर. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बंद करा.

आरसीबीओ (गळती किंवा जादा करंट आला की पडणारा ब्रेकर) ३० मिलिअँपिअर, टाइप ए, फक्त त्या लाइनीपुरता. एसी टाइपचा स्वस्त मिळतो तो घेऊ नका. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती आली तर तो आंधळा होतो आणि वेळेला पडतच नाही. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती पकडणारी सोय आहे का ते विकत घेताना विचारा. नसेल तर टाइप बी लागेल, तो महाग येतो.

आता अर्थिंग. ‘गाडी चार्ज होत नाही, लाल दिवा लागतो’ या तक्रारींत पहिल्यांदा बघायचं ते हेच. खानापूर-जांबोटीकडं जांभा दगड, मार्च ते मे जमीन कोरडी ठक्क, आणि पावसाळ्यात चांगला चालणारा अर्थ उन्हाळ्यात उडतो. बैलहोंगल-गोकाकच्या काळ्या मातीत हा त्रास कमी, पण तिथंही माती भेगाळली की इलेक्ट्रोडभोवती पोकळी होते. खड्डा स्वतंत्र घ्या, सॉकेटच्या जवळ, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घाला. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. दहाच्या वर दिसलं तर न्यूट्रल तरी सैल आहे किंवा अर्थ तरी गेलेला आहे.

फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून बघायची जुनी पद्धत अजून चालते, पूर्ण उजेड पडला पाहिजे. पण ती आरसीबीओच्या आधी, मीटरच्या बाजूला. पुढं लावलात तर आरसीबीओ लगेच पडेल आणि तुम्हाला वाटेल अर्थ खराब आहे. हे लायसनवाल्या माणसाकडूनच करून घ्या.

हेस्कॉमकडं (आपली वीज कंपनी) मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा. जुन्या घरांना बहुतेक वेळा एक-दोन किलोवॅटच असतो. वाढवून घ्या. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येत असेल तर चार्जर करंट तेवढाच ओढतो आणि पॉवर घटते, म्हणजे वेळ लांबतो. टायमर लावून रात्री ११ नंतर सुरू करा.

अथणीकर

रेनो क्विडची इलेक्ट्रिक पण चीनमध्ये बनते म्हणतात. तिचे पार्ट इकडच्या क्विडला चालत असतील तर ती तरी बरी नव्हे का?

उद्यमबाग_ईव्ही

बनते. क्विड चेन्नईला २०१५ पासून. त्याच सीएमएफ-ए पायावर २०१९ मध्ये चीनमध्ये रेनो सिटी के-झेडई आली, तीच २०२१ मध्ये युरोपात डाचिया स्प्रिंग झाली, आणि ब्राझीलमध्ये क्विड ई-टेक. कारखाना हुबेईतल्या शियानला. सुरुवातीची २६.८ युनिटची, मोटर अवघी ३३ किलोवॅट. २०२१ मध्ये युरो एनकॅपचा एकच तारा. सर्फच्या पाच ताऱ्यांशेजारी हे ठेवून बघा, दोन्ही चीनमध्ये बनलेल्या, दोन्ही युरोपला निघालेल्या.

पार्टांचं म्हणाल तर दरवाजे-छप्पर ओळखीचं वाटतं, पण स्प्रिंग अडीचशे किलोहून जड आहे, पेट्रोल क्विडचे स्प्रिंग-शॉक तिला कामाचे नाहीत. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर इकडं कुणाकडंच नाहीत. आयातीचे नियम वर दिलेत ते हिलाही तसेच लागू.

पिन_आणि_वायर

निपाणीकर, शेवटी एलएफपी बॅटरीची जुनी गाडी घेण्यावर आलात तर एवढं करा. एलएफपी सेलचं व्होल्टेज २० ते ९० टक्क्यांमध्ये जवळजवळ सपाट असतं, ३.२ ते ३.३ च्या दरम्यान. त्यामुळं मीटरवरची टक्केवारी हा अंदाज असतो आणि तो घसरत जातो. आठवड्यातून एकदा १०० टक्के भरून थोडा वेळ तशीच ठेवली तर तो जागेवर येतो आणि सेलही बरोबरीला येतात. ८० टक्क्यांवरच ठेवायची सवय दुसऱ्या रसायनाच्या बॅटऱ्यांची आहे, ती इथं लावली की एक दिवस १२ टक्क्यांवरून गाडी थेट शून्यावर येते.

ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून सेलमधला फरक बघणारे ५०-६० टक्क्यांवर बघतात. तिथं खराब सेलही चांगलाच दिसतो. २० टक्क्यांच्या खाली, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असताना बघा, कमजोर सेल तिथं खाली पडतो.

क्षमता मोजायची तर १० टक्क्यांपर्यंत उतरवा आणि घरच्या सबमीटरवर एसीनं १०० पर्यंत भरा. भिंतीतून घेतलेल्या युनिटांपैकी ८८ टक्के बॅटरीत जातात असं धरा. ३५ ची बॅटरी चांगली असेल तर सबमीटरवर ३५-३६ युनिट पडतील. ३० च पडले तर आत २६.४ गेले, ते ९० टक्क्यांचे, म्हणजे पूर्ण क्षमता २९.३ वर आली. अशी गाडी तुमच्या रोजच्या फेरीला अजून चालेल, पण विकणाऱ्यानं किंमत नव्या बॅटरीच्या हिशेबानं सांगितली असेल तर सबमीटरचा फोटो काढून त्याच्यासमोर ठेवा आणि तिथून पुढं बोला.